एक ग्रॅम कुठे गेला

सोमवार, २

वर्गात शिकवलेलं घरी येऊन आपल्या शब्दांत लिहून काढा, म्हणजे डोक्यात राहतं, असं बाई म्हणाल्या. बाई म्हणजे माझीच मुलगी. घरात ती बबी आणि मी बाबा. शाळेच्या फाटकातून आत गेलं की ती बाई आणि मी आजोबा. हे तिनेच पहिल्या दिवशी ठरवून दिलं आणि मी अजून चुकतो. आज भर वर्गात म्हणालो, "बबी, पंखा जरा कमी कर गं." सगळे हसले. ती म्हणाली, "आजोबा, हात वर करून बोला."

मी सातवी नापास. पुढचं सगळं आयुष्य एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेलं. लोकांना वर नेलं, खाली आणलं, मी होतो तिथेच. आता या वयात पहिलीच्या पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून दहावीचं विज्ञान शिकतोय. कुणी विचारलं तर काय सांगावं, लाज वाटते. पण त्याला कारण आहे. बबी दिवसा एका शाळेत शिकवते आणि संध्याकाळी या वर्गाला, ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली अशा मोठ्या माणसांना. दोन वर्षांपूर्वी वर्गाची संख्या भरेना. "एक नाव कमी पडतंय, बाबा, तेवढं द्या ना," म्हणाली. तिची आई त्याच वर्षी गेली होती, मी घराबाहेरही पडत नव्हतो, पण मुलीची अडचण म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दिलं नाव. तेव्हापासून तिच्यासाठी रोज जातो. गुडघे कुरकुरतात तरी जातो.

आजचा धडा: द्रव्य अक्षय्यतेचा नियम. म्हणजे काहीही जाळा, विरघळवा, कुजवा, आधी जेवढं वजन तेवढंच नंतर. मी विचारलं, कागद जाळला तर चिमूटभर राख उरते, मग बाकीचा कागद गेला कुठे? बाई म्हणाल्या, हवेत, धूर होऊन, वायू होऊन, आणि त्याचंही वजन धरायचं. हवेला वजन असतं हे मला आज कळलं. इतकी वर्षं अंगावर घेऊन हिंडलो, कुणी बोललं नाही.

पाठ धरलीय. उद्या जास्त दुखणार असं वाटतंय.

बुधवार, ४

समीकरणं. डोकं उठलं.

बाईंनी फळ्यावर पाणी कसं होतं ते लिहिलं. डावीकडे हायड्रोजनच्या दोघांची एक जोडी, ऑक्सिजनच्या दोघांची एक जोडी. उजवीकडे पाणी, एच टू ओ. मोजा म्हणाल्या. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. एकाचा हिशेब लागत नाही.

माझ्या शेजारी न्हावी बसतो. पहिल्या दिवसापासून तिथेच बसतो, हलत नाही. तो म्हणाला, "सोपं आहे. ओ च्या खाली दोन लिहून टाका, झालं सारखं."

"तसं केलं तर ते पाणी राहत नाही," बाई म्हणाल्या. "जखमेवर ओतलं की फेस येतो ना, ते औषध होतं. पिऊन बघणार?"

"आजोबांना पाजू आधी," न्हावी म्हणाला.

खालचा आकडा बदलायचा नाही. तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे. पुढचा आकडा बदलायचा, म्हणजे किती नग घेतले तो. मला हे काही केल्या पटेना. बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून बोलत होत्या. दिवसभराची शाळा, मग हे. मला वाईट वाटलं म्हणून कळलं असं म्हणालो.

मग घरी येताना खरंच कळलं. तळमजल्यावर लिफ्टमध्ये जेवढी माणसं चढली तेवढीच वर उतरणार. मधल्या मध्ये कुणी विरघळत नाही. चढताना नवरा-बायको असतील, उतरताना बायको मैत्रिणीबरोबर आणि नवरा साहेबाबरोबर गप्पा मारत उतरेल, पण डोकी तेवढीच. आणि माणूस कमी भरतंय म्हणून एखाद्याला दोन डोकी लावून चालत नाही, आणखी एक माणूस बोलवावा लागतो. पाणी दोन घ्या, मग हायड्रोजनच्या जोड्याही दोन घ्या. बसलं!

रस्त्यातच सांगितलं तिला. ती थांबली. म्हणाली, "बाबा, हे उद्या वर्गात सांगाल?" मी म्हटलं, "छे, लोक हसतील." पण मला झोप येईना इतकं बरं वाटलं.

शुक्रवार, ६

हेडसर वर्गात आले. येत्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार. बाईंचा एक पाठ बघणार आणि मग हा वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही ते ठरवणार. मी दचकून बबीकडे पाहिलं. बबीने मात्र नुसती मान हलवली, जणू कुणीतरी पाऊस पडेल म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर तिच्या त्या मॅडमचा फोन. कॉलेजात तिला शिकवायच्या त्या. दर दोन-तीन महिन्यांनी करतात. काय काम असतं त्यांचं कळत नाही, पण फोन ठेवला की बबी अर्धा तास गप्प असते. आज म्हणत होती, "नाही मॅडम, तसं नाही... हो, माहितेय, जागा कायम मोकळी राहणार नाही... इथलं बघून सांगते." मी विचारलं, काय म्हणतात? म्हणाली, "काही नाही, ख्यालीखुशाली." बाईमाणसाने एवढी ख्यालीखुशाली विचारू नये. पोरीला दमवतात.

रविवार, ८

दुपारी स्वयंपाकघरात प्रयोगाची तालीम. साहेबांपुढे हाच करून दाखवणार. बाटलीत व्हिनेगर. फुग्यात खायचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचा, सगळं काट्यावर ठेवून वजन घ्यायचं. मग फुगा उभा करायचा की सोडा आत पडतो, फसफस होते आणि फुगा आपोआप फुगतो. पुन्हा वजन. सारखं यायला हवं.

आधी तीनशे बारा ग्रॅम. नंतर तीनशे अकरा.

पुन्हा केलं. पुन्हा एक कमी. मी म्हटलं, "गळतंय कुठून तरी." ती फुग्याला कान लावून बसली, साबणाचं पाणी लावून बघितलं. कुठेही गळत नव्हतं. म्हणाली, "बघते नंतर," आणि तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. तिच्या हातावर सोडा सांडलेला होता. मी पुसला नाही, जागी होईल म्हणून.

पण मला आता चैन पडत नाहीये. नियम म्हणतो काहीच नाहीसं होत नाही आणि आमच्या ओट्यावर एक ग्रॅम नाहीसा होतोय. साहेबांच्या देखत असं झालं तर? माणूस लिहिणार, बाईंना येत नाही. वर्ग गेला. वर्ग गेला की बबीचं काय? तिचा जीव आहे त्या वर्गात.

सोमवार, ९

उपाय सापडला. कुणाला सांगायचा नाही.

सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो जुन्या ट्यूबचे गोल काप करून ठेवतो, सामान बांधायला. "किती जाडीचं हवं?" म्हणाला. मी म्हटलं, एक ग्रॅमचं. तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, इथे रबर मिळतं, सोनं शेजारच्या गल्लीत." मूठभर दिले त्याने तसेच.

बबी शाळेत गेलेली. सगळे काप काट्यावर ठेवून पाहिले. एक बरोबर बसला. मग फुगा लावून प्रयोग केला, फसफस झाल्यावर तो काप बाटलीच्या गळ्यात अडकवला आणि वजन केलं. तीनशे बारा! डाव्या बाजूला तीनशे बारा, उजव्या बाजूला तीनशे बारा.

गुरुवारी बाटली मीच धरणार, तसं ठरलंय. फुगा फुगला की "निसटू नये" म्हणून पटकन अडकवून टाकायचा. कुणाच्या लक्षात यायचं नाही. हे बरोबर आहे का, असा विचार आला मनात. पण नियम खराच आहे ना. खऱ्याला थोडा आधार दिला तर बिघडलं कुठे?

मंगळवार, १०

जेवताना बबी आनंदात होती. फुग्याचं कळलं म्हणाली. फुगा मोठा होतो तशी भोवतालची हवा त्याला जरा उचलून धरते, म्हणून काट्यावर हलका भासतो, खरं वजन तेवढंच असतं, वगैरे. मग बाटलीचं, झाकणाचं काहीतरी बोलत होती. माझं लक्ष नव्हतं. मी हात थरथरता कामा नये याचा विचार करत होतो. हो, हो म्हणत राहिलो. "ऐकताय ना, बाबा?" म्हणाली. ऐकतोय म्हटलं.

गुरुवार, १२

काय लिहू.

साहेब वेळेआधीच आले. तरुण निघाले, बबीहून लहान असतील. मागच्या बाकावर बसले, त्यांचेही गुडघे वर आले. सगळा वर्ग इस्त्रीचे कपडे घालून. शिलाईवाल्या मावशी तर नवीन ब्लाउज शिवून आलेल्या. न्हाव्याने सकाळी माझी दाढी फुकट केली, म्हणाला, "तपासणीत दाढीचेही मार्क असतात."

बाईंनी मला बोलावलं. मी उभा राहिलो. त्यांनी सामान काढलं तर फुगा नाहीच! सरबताची जाड प्लास्टिकची बाटली, घट्ट फिरकीचं झाकण. सोडा कागदाच्या पुडीत, आत दोऱ्याने टांगलेला. मला काहीच सुचेना. बाटली काट्यावर ठेवली, दोनशे अठ्ठ्याण्णव. फळ्यावर लिहिलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, आता उलटी करा आणि हलवा." हलवली. फसफसली. बाटली दगडासारखी टणक झाली. माझा डावा हात खिशात. सगळं ठरलेलं होतं, रात्रंदिवस तेच घोकत होतो. हात आपला आपण बाहेर आला आणि रबर गळ्यात अडकवून मोकळा झाला.

काट्यावर दोनशे नव्व्याण्णव.

साहेब उठून पुढे आले.

"वाढलं," आमच्या वर्गातला वॉचमन म्हणाला. तो कधी बोलत नाही, आज बोलला. "गॅस भरला म्हणून जड झालं, बाई."

"गॅस कशापासून झाला?" बाई म्हणाल्या.

"आतल्या सोड्यापासून."

"मग तो आधी काट्यावर नव्हता?"

"होता," वॉचमन म्हणाला आणि खाली बसला.

"हा एक ग्रॅम आला कुठून? आकाशातून पडला?" बाईंचा आवाज अगदी शांत होता. "आपला नियम खोटा की आपलं मोजणं खोटं? शोधा. कुणीही पुढे या."

सगळे टेबलाभोवती जमले. न्हाव्याने काटा पुसला. कुणी पंखा बंद केला. शेवटी मावशींनी बोट दाखवलं. "बाई, बाटलीच्या गळ्यात हे काळं रबर मघाशी नव्हतं. शिवणारणीचा डोळा आहे, फसायचा नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

"आजोबा, हे कधी लावलंत?"

"आत्ता, बाई."

"का?"

"निसटू नये म्हणून."

माझ्या डोळ्यांकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी रबर काढून माझ्या हातात ठेवलं आणि बाटली काट्यावर ठेवली. दोनशे अठ्ठ्याण्णव. न्हाव्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी सोडून.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे तुम्ही ठरवून केलं होतं का? छान होतं."

हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? "नाही," म्हणाली. "हे आपोआप झालं."

घरी येताना ती मला एक शब्दही टाकून बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १३

वर्ग चालू राहणार! हेडसर स्वतः सांगायला आले. साहेबांनी लिहिलंय, असा पाठ क्वचित बघायला मिळतो, वर्ग चालू ठेवावा. हेडसर बबीला म्हणाले, "आता तुमचं काय ते मला पुढच्या आठवड्यात सांगा. मागच्या वेळेसारखं शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नका."

मला वाटलं बबी उडी मारेल. ती जिन्याच्या पायरीवर बसली. चपलाही काढल्या नाहीत. मी चहा करून दिला, तो तिने निवू दिला. जास्त आनंद झाला की माणूस असाच सुन्न होत असावा. मी मात्र जिन्यातून दोनदा खाली-वर केलं, गुडघे विसरून. शेजारच्यांना सांगितलं.

मंगळवार, १७

आज वर्ग सुटल्यावर बबीला हेडसरांकडे थांबायचं होतं, म्हणून मावशींबरोबर कोपऱ्यापर्यंत आलो. मी म्हटलं, "वाचला एकदाचा वर्ग. तेव्हा संख्या भरली नसती तर हे काहीच उरलं नसतं."

"कसली संख्या?" मावशी म्हणाल्या.

"दोन वर्षांपूर्वी. एक नाव कमी पडत होतं ना."

मावशी हसल्या. "आजोबा, त्या वर्षी दोघं खिडकीत बसायचे, एवढी गर्दी होती. बाई तर निघाल्या होत्या तेव्हा. कॉलेजात कसलं पुढचं संशोधन करायला, दुसऱ्या गावी. आम्ही वर्गणी काढून पेनही आणलं होतं त्यांना द्यायला. मग तुमची मंडळी गेली आणि बाई म्हणाल्या, मी नाही जात, आणि माझे वडील वर्गात बसतील, त्यांना जरा बोलतं ठेवा. म्हणून तर हा न्हावी तुमच्या शेजारी चिकटला. त्याची जागा पुढे होती."

मी विचारलं, ती गेली असती तर वर्ग?

"दुसरे सर घेणार होते. आताही तयार आहेत. बाईंसारखे नाहीत, पण चालतील की." मग त्या एकदम थांबल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं म्हटलं. काय म्हणणार?

घरी आलो. बबी यायची होती. पाणी तापवायला ठेवलं आणि विसरलो, सगळं आटून गेलं. भांडं काळं पडलं.

आजचा धडा लिहायला पाहिजे. आज काय शिकवलं ते आठवत नाही.

गुरुवार, १९

दोन दिवस मनात जुळवत होतो. आज जेवण झाल्यावर बोललो.

"बबी, पुढच्या वर्षी मी वर्गाला येणार नाही."

"का?"

"कंटाळा येतो."

तिने पाणी पिता पिता भांडं खाली ठेवलं. "कशाचा?"

"सगळ्याचा. तू शिकवतेस ते फार लांबण लावून. एकच गोष्ट चार-चार वेळा. आणि ते बाक. या वयात माणसाने आपल्या घरी पडून राहावं, रेडिओ ऐकावा."

"कधीपासून येतोय कंटाळा?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं नाहीत कधी."

"तुझं मन मोडेल म्हणून." आता सुरुवात केलीच होती तर म्हटलं सगळंच सांगून टाकावं. "आणि घरातही तुझी फार खुडबूड असते. मला एकटं राहायला आवडतं, तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही मी कधी सांगितलं नाही."

"एकटं राहाल? डाळीला फोडणी कोण देणार?"

"न्हावी देतो चांगली. मी विचारलंय त्याला."

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, ओढणीने पुसलं तरी थांबेना. उठून मोरीत गेली, बराच वेळ नळ सोडून उभी होती. मी एवढं लागेल असं बोललो आणि ही हसते. आजकालच्या मुलांना कशाचं वाईट म्हणून वाटत नाही. एका परीने बरं झालं. मला भीती होती की रडेल.

बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं, आजोबा. बसा खाली." मी बसलेलोच होतो.

(वर्गाला जाणार आहे मी. नवीन सर असले तरी. ती गेल्यावर तिला कळायचं कारण नाही. मावशींना सांगून ठेवलंय.)

शनिवार, २१

सकाळी बबी अंघोळीला गेली आणि तिचा फोन वाजला. मी घेत नसतो. कुणी इंग्रजीत बोललं तर काय करा. पण नाव वाचता आलं, त्या मॅडम. घेतला.

त्या म्हणाल्या, ती आहे का? मी म्हटलं, अंघोळीला गेलीय. मग त्या ठेवणार म्हणून मीच घाईघाईने विचारलं, "मॅडम, ती जागा अजून आहे का हो?"

"आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. आपण कोण?"

वडील म्हणावं तर वाटेल, घरचा म्हातारा भरीला घालतोय. आणि तिने घरच्यांना विचारायचंच नाही असं ठरवलेलं असेल तर? मी म्हटलं, "मी त्यांच्या संध्याकाळच्या वर्गातला."

"विद्यार्थी?" मॅडमचा आवाज बदलला. "मग सांगा ना, कशी शिकवते ती?"

आता काय सांगावं. परवा तिला सांगितलं तेच इथे सांगायला हवं होतं, उगाच दोन ठिकाणी दोन बोलणं बरं नव्हे. पण तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, "मॅडम, मी सातवी नापास. घरात पडून होतो, भिंतीकडे तोंड करून. आता मला लोखंड गंजतं त्याचं समीकरण बसवता येतं. चार वेळा सांगावं लागतं मला, पण ती पाचव्यांदाही सांगते. चिडत नाही. दमते, पण चिडत नाही. तुमच्याकडे आली तर तिला जरा झोपू द्या मधूनमधून."

मी फोन कानापासून काढून बघितला. मला वाटलं फोन कटला.

मागे वळलो तर बबी दारात उभी. ओले केस, पाणी फरशीवर ठिबकत होतं. कधीची उभी होती कोण जाणे. मी फोन तिच्या हातात दिला, म्हटलं, तुझ्या मॅडम, आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला.

"हो, मॅडम. ते माझे वडीलच. हो. येते मी."